नाल्यापलीकडचं पाणी

सिस्टर जर्मेना रागावली की गुडघे टेकल्यावर जास्तच ताठ व्हायची. १९५२ सालच्या मे महिन्यातल्या त्या सकाळीही मठाच्या प्रार्थनाघरात ती अशीच ताठ बसली होती. पुढे वेदीच्या कठड्यापाशी मदर बेनेदिक्ता, म्हाताऱ्या सिस्टर आन्सिला आणि सिस्टर सबीना ओळीने जाऊन टेकल्या. फादरांनी एकेकीच्या जिभेवर प्रसाद ठेवला. तिघी हात जोडून, नजर खाली घालून जागेवर परतल्या. जर्मेना हलली नाही. मठात बाया इनमिन चार. त्यातली एक जागीच बसून राहिली तर ती कोणाला दिसणार नाही, असं कसं होईल? मागे बसलेल्या शाळकरी मुलींनासुद्धा दिसली. मदरनी परत येताना तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि जर्मेनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

महिन्यातली ही चौथी खेप होती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? तर त्या काळी नियम असा होता, की सकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ज्याला प्रसाद घ्यायचा त्याने मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही. काही म्हणजे पाणीसुद्धा. घोटभर पाणी घशाखाली गेलं की त्या दिवसाची कम्युनियन, म्हणजे तो प्रसाद, गेली. त्यात पाप नव्हतं, पण त्या दिवशी कठड्यापाशी जाता येत नसे. वसईकडच्या केळीच्या बागांत वाढलेल्या जर्मेनाला हा नियम कधी जड गेला नव्हता. तिकडे पहाटे खाडीवरून वारा यायचा. इकडे आर्वी-कारंजा रस्त्यावरच्या या गावात वैशाखातली पहाटसुद्धा तव्यासारखी, आणि डोळे उघडायच्या आधीच जीभ टाळूला चिकटलेली.

दुसरा नियम याहून भारी होता. कम्युनियनला का आली नाहीस, असं वरिष्ठ बाईने कोणाला विचारायचं नाही. ती गोष्ट त्या बाईची आणि देवाची. नियम शहाण्या माणसांनी केला होता यात शंका नाही. पण डोळ्यांना कुठला नियम लावणार? मदर बेनेदिक्ता विचारत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. मंगळूरकडच्या या उंच, हाडकुळ्या बाईची सत्तावीस वर्षांत एकही कम्युनियन चुकली नव्हती. मलेरियाच्या तापात दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून ती कठड्यापर्यंत गेली होती. तिने मनाशी हिशेब घातला होता: जर्मेना ज्या पहाटे बाळंतपणाला जाते, त्याच दिवशी जागेवर बसून राहते. म्हणजे त्या घरी चहापाणी होत असणार. गूळ घातलेला गरम चहा कोणी पुढे केला की पोरीला देवाचा विसर पडतो. जिभेवर ताबा नाही.

आणि नेमकं याच वेळी मदरना नागपूरला पत्र पाठवायचं होतं. सहा वर्षं वर्षावर्षाची व्रतं घेत आलेल्या जर्मेनाला येत्या पंधरा ऑगस्टला कायमची व्रतं घ्यायची होती. त्यासाठी मठाच्या मदरचं मत लागे. मत बरं गेलं तर ती जन्मभरासाठी सिस्टर. वाईट गेलं तर थांबा, किंवा सरळ घरी जा. घरी आईने तिच्या वाटणीची जागा धाकट्या बहिणीला देऊनही टाकली होती, आणि जर्मेनालाही दुसरं कुठलं आयुष्य नको होतं. चिडकी होती, पण या कामावर तिचा जीव होता.

खरी गोष्ट मात्र मदरच्या हिशेबात नव्हतीच.

गावाच्या खालच्या अंगाला नाला होता आणि नाल्यापलीकडे एक वस्ती. तिथल्या माणसांच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नसे. त्यांची विहीर वेगळी, वाट वेगळी. मिशनच्या दवाखान्यात मात्र एकच बाक होतं आणि ज्याचा नंबर लागेल तो त्यावर बसे. गावातल्या काही लोकांना ते खुपायचं. जर्मेना सुईणीचं शिक्षण घेऊन आलेली, त्यामुळे वस्तीतली बाळंतपणं तिच्याकडे. आणि तिथली बाळं, जर्मेनाच्या अनुभवानुसार, पहाटेच जन्माला येत. दिवसा जन्म घ्यायला त्यांना कोणी मनाई केली होती का? पण नाही! मिस्सेच्या घंटेआधी तास-दीड तास, हाच त्यांचा मुहूर्त.

आल्या वर्षीच, गेल्या भादव्यात, तानाबाईच्या थोरल्या सुनेला तिने सोडवलं. तानाबाई म्हणजे वस्तीतली जुनी सुईण, साठीची, काटक, तोंडाने तिखट. स्वतःचं काम या पोरसवदा बाईच्या हाती देताना तिला आधीच जड गेलं होतं. पण बाळ आडवं होतं. ते सुखरूप बाहेर आलं, नाळ कापली, आणि तानाबाईने घासूनपुसून चकचकीत केलेला तांब्या आणून जर्मेनाच्या पुढे धरला.

"आत्ता नको," जर्मेना म्हणाली. "माझा उपास आहे."

तानाबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "एकादशीलेबी पानी चालते, बाई."

"आमच्यात नाही चालत."

तानाबाईने तांब्यातलं पाणी अंगणातल्या निंबाच्या बुडाशी ओतलं आणि आत गेली. जर्मेनाला वाटलं, झालं, समजली. घंटा व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती धावतपळत निघून आली, कम्युनियन घेतली आणि देवाचे आभार मानले.

त्यानंतर महिनाभर नाल्यापलीकडून दवाखान्यात कोणी आलं नाही. त्याच महिन्यात गावात डोळ्यांची साथ आली. घरोघर पोरांचे डोळे लाल, चिकटलेले. जर्मेना दिवसाला तीस-तीस पोरांच्या डोळ्यांत औषध घाली, आणि वस्तीतलं एकही पोर कसं नाही याचं तिला बरंच वाटे, वस्ती वाचली म्हणून. मग एका दुपारी तानाबाई आपल्या पाच वर्षांच्या नातीला, सुंदराला, कडेवर घेऊन आली. कुठल्यातरी पाल्याचा रस घालून झाला होता. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. पहिल्या दोन दिवसांत आली असती तर डोळा वाचता. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

"इतके दिवस काय करत होता?" जर्मेना ओरडलीच.

तानाबाई भांडली नाही. तेच जास्त वाईट होतं. "तुमी आमचं पानी नाई पेलं," ती म्हणाली. "मंग मी म्हटलं, जिले आमच्या तांब्याचा इटाळ होते, तिले लेकराच्या डोळ्याले हात कायले लावू द्यायचा? उपासाचं त् सारेच सांगतात. गावातल्या बायाबी आमच्या दारात आल्या का त्यायले उपासच राह्यते."

त्या दिवसापासून जर्मेना पाणी प्यायला लागली. वस्तीत तांब्या पुढे आला की घटाघटा, सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि मग मिस्सेला जाऊन ताठ बसायची.

हे सगळं मदरला एका वाक्यात सांगता आलं असतं. मिशनमध्ये पाणी भरणारी, झाडलोट करणारी बायजा तिला रोज तेच सांगे. सिस्टरने एकटीने बाहेर जायचं नाही, सोबत हवी, असा मठाचा आणखी एक नियम. पहाटेच्या फेऱ्यांना सोबत बायजाची. बायजा गोंडांची. घरी आपली बोली बोलायची आणि बाहेर गावची. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

"शिस्टरबाई, मोठ्या बाईले सांगून काऊन नाई टाकत?"

"सांगितलं तर त्या म्हणतील, पाणी पिऊ नकोस. नाहीतर म्हणतील, मिस्सा झाल्याशिवाय बाळंतपणाला जाऊच नकोस. मग? त्यांची आज्ञा मोडू की तानाबाईचं पाणी नाकारू?"

"अन् त्यायनं तसं म्हटलंच नाई, त्?"

यावर जर्मेना बायजावरच चिडायची. बायजा पदर तोंडावर धरून हसायची आणि बादली उचलून चालू लागायची.

चिडायला कारणं काय कमी होती? मदर विचारत नाही म्हणून ती मदरवर चिडे. पोलीस फौजदारासारखी नजर टाकता येते, मग तोंड उघडायला काय होतं? सबीना तिच्याच वयाची, ती येता-जाता "तुझ्यासाठी प्रार्थना करते हं" म्हणे. तिच्यावर तर जर्मेना फारच चिडे. पाहुण्याच्या हातात आधी पाणी देणाऱ्या या मुलखावर चिडे. वसईला नाही का, आधी बसा म्हणतात! आणि सगळ्यांत जास्त देवावर. 'तुला माझ्याकडे यायचं असतं,' ती मनात म्हणे, 'मला तुझ्याकडे यायचं असतं, आणि मध्ये एक तांब्या येतो. क्रुसावर टांगलेला असताना तू स्वतः तहान लागली म्हणालास. तुला तरी कळायला हवं होतं.' अशी भांडणाची प्रार्थना पुस्तकात कुठे नसते. पण जर्मेनाची तीच खरी प्रार्थना होती, बाकीची नुसती पाठ केलेली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मदरनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि दौत.

"सोमवारी आर्वीच्या मोटरने पत्र जाईल," मदर म्हणाल्या. "काय लिहू, हे मला अजून ठरवता येत नाही. आठवडाभर आहे अजून. मी काही विचारत नाही. मला एवढंच वाटतं, की या आठवड्यात तू रोज सकाळी माझ्या शेजारी दिसावीस."

याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? जर्मेना "हो, मदर" म्हणाली आणि दार जरा जोरातच ओढून बाहेर आली.

मंगळवार ते शनिवार नीट गेले. शनिवारी बायजा बहिणीच्या पोरीच्या लग्नाला कारंज्याकडे गेली. आणि रविवारी पहाटे, अजून पुरतं उजाडायचं होतं, तानाबाईचा धाकटा मुलगा पुनाजी फाटकाशी येऊन उभा राहिला. बायको अडली होती, पहिलंच बाळंतपण. जर्मेनाने पेटी उचलली आणि तिच्या लक्षात आलं, सोबत नाही. सबीनाला ताप, आन्सिलाला दहा पावलं चालवत नाही. ती दारात घुटमळली, तेवढ्यात मदर बेनेदिक्ता बुटांच्या नाड्या बांधत बाहेर आल्या.

"चल. मी येते."

जर्मेना निघाली. सगळं सोडून आज!

नाल्याच्या काठावरून दोघी चालल्या. मदर झपाझप पावलं टाकत होत्या. पुनाजी कंदील घेऊन पुढे. घरात शिरल्यावर जर्मेनाला मदरचा विसर पडला. पोरगी जेमतेम सतरा-अठराची, भेदरलेली. तानाबाई तिच्या डोक्याशी बसून केसांवरून हात फिरवत होती. तास गेला. मदर कोपऱ्यात उभ्या होत्या; मग आपणहून बाह्या वर करून त्यांनी गरम पाण्याचं पातेलं धरलं. बाळ आलं, मुलगी. रडायला जरा वेळ लावला, मग असं रडली की बाहेर पुनाजी हसायला लागला. जर्मेनाने हात धुतले आणि अंगणात आली. झगा पाठीला चिकटला होता. ओठ कोरडे ठणठणीत. पूर्वेला उजाडलं होतं आणि मिस्सेला अर्धा तास राहिला होता.

तानाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. मोठी बाई, म्हणून आधी मदरच्या पुढे धरला.

मदरनी हात जोडले. अगदी अदबीने म्हणाल्या, "आत्ता नाही, बाई. माझा उपास आहे."

तानाबाईने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. "हो. उपास. आमच्या दारात आले का सगळ्यायलेच राह्यते." आणि तांब्या जर्मेनाच्या पुढे आला.

जर्मेनाने मदरकडे पाहिलं. मदर तिच्याकडे पाहत होत्या. उद्या पत्र जाणार होतं. आठवडाभराचे पाच दिवस नीट गेले होते, हा सहावा. एकदा, फक्त एकदा नाही म्हटलं तर? अंगणाच्या कडेला सुंदरा उभी होती, झोपेतून उठून आलेली. एक डोळा चोळत होती. दुसऱ्याला चोळून काही उपयोग नव्हता.

जर्मेनाने तांब्या घेतला आणि प्यायली. थांबत थांबत नाही, एका दमात. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

तानाबाई दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली. "एक पेते, एक नाई पेत," ती म्हणाली. "म्हंजे तुमच्यातबी हाये त् हे."

मदरनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा कधी बदलत नसे, तो बदलला.  तानाबाई तांब्या घेऊन आत गेली.

दोघी परत नाल्यापाशी आल्या. मग मदर थांबल्या.

"मला विचारायचा अधिकार नाही. तरी विचारते. दर वेळी हेच?"

"हो."

"चहा?"

"कसला चहा, मदर! त्यांच्या घरात दूध तरी असतं का?" जर्मेनाचा आवाज चढला. मग तिने सगळं सांगितलं. निंबाच्या बुडाशी ओतलेलं पाणी, रिकामा दवाखाना, सुंदराचा डोळा. सांगताना तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"तर मग मला सांगितलं का नाहीस? इतके महिने?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायचं नाही असा नियम आहे, मुली!"

"मला ठाऊक आहे तो नियम!"

गुरं घेऊन निघालेला एक गुराखी थांबून या पांढऱ्या झग्यांतल्या दोन बायांकडे पाहत होता. मदरनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुरांच्या मागे लागला.

मिस्सेत कम्युनियनची वेळ झाली. आन्सिला काठी टेकत कठड्याशी गेली, तापातली सबीना भिंतीला धरून गेली. जर्मेना जागेवर ताठ बसली. तिच्या शेजारी मदर बेनेदिक्ता, ज्यांच्या घशाखाली मध्यरात्रीपासून थेंबसुद्धा गेला नव्हता, त्याही बसून राहिल्या. फादर प्रसादाचं भांडं घेऊन क्षणभर थांबले. मदर आल्या नाहीत तेव्हा त्यांना बहुधा वाटलं, बाई आजारी असावी. त्यांनी घाईने मिस्सा उरकली.

दुपारी मदरनी जर्मेनाला बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं. सिस्टर जर्मेना व्रतांना सर्वार्थाने योग्य आहे. तिच्या कम्युनियन चुकल्या त्या ज्या कारणाने, ते कारण मला आधी समजायला हवं होतं. मी तिच्यावर उगाच संशय घेतला, तो दोष माझा.

जर्मेनाने हेच तर कित्येक रात्री मनात घोळवलं होतं. मदर आपली चूक कबूल करतेय, नागपूरपर्यंत सगळ्यांना कळतंय. आता ते कागदावर शाईने लिहिलेलं समोर होतं आणि तिला बरं वाटायला हवं होतं. वाटेना. 

"मदर," ती म्हणाली, "मी बायजाला सांगायचे, तुम्ही मनाई कराल म्हणून मी सांगत नाही. ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. तुम्ही विचारावं असं मला वाटत नव्हतं. तुम्ही चुकावं असं वाटत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहायचात ना, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. मी चांगली आणि तुम्ही वाईट, म्हणून."

 मदरनी दौतीत टाक बुडवला.

"मग हेही लिहायला हवं," त्या म्हणाल्या, आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सिस्टर जर्मेनाने अजून एक वर्ष थांबावं आणि तेवढ्यात नम्रता शिकावी.

नम्रता! त्या दिवशी जर्मेनाने मठातले सगळे झगे धुतले, ज्यांची पाळी नव्हती तेही, आणि धोंड्यावर असे आपटले की बायजा म्हणाली, "शिस्टरबाई, कपड्यायचा काय गुन्हा हाये?" खरं बोललं म्हणून एक वर्ष गेलं, हे तिच्या गळ्याखाली उतरेना.  त्यानंतर पहाटेच्या फेरीला बायजा असो वा नसो, बुटांच्या नाड्या बांधून मदर फाटकाशी उभ्या असत. तानाबाईच्या अंगणात त्याही पाणी पीत. मिस्सेला मग दोघी जागेवर. बायजाने तानाबाईला एकदा सगळं उलगडून सांगून टाकलं होतं: पानी पेलं का त्या दिवशी त्यायले देवाचा परसाद नाई भेटत. तानाबाईने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी तांब्या नुसता पुढे न करता दोन्ही हातांनी धरला.

मग त्रेपन्न सालचा फेब्रुवारी आला. एका रविवारी फादरांनी नागपूरहून आलेला कागद वाचून दाखवला. रोमहून नवी आज्ञा निघाली होती. यापुढे साध्या पाण्याने उपास मोडत नाही. मिस्सेआधी कोणीही, कधीही पाणी प्यावं आणि खुशाल कम्युनियनला यावं.

जर्मेनाला आधी नीट ऐकू आलं असं वाटेना. ऐकू आलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं. इतकी शतकं हे लोक थांबले, आणि नऊ महिने आधी नाही का हे सुचलं? नऊ महिने! मदर तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ओरडायचं असेल तर विहिरीकडे जा." आणि स्वतःच तोंडावर हात धरून हसल्या. जर्मेनाने त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

दोनच दिवसांनी वस्तीत जायचं झालं. पुनाजीच्या मुलीला खोकला होता. बायजा सोबत होती, तिच्या पोटात ही बातमी मावत नव्हती. तानाबाईने तांब्या आणला तशी बायजाने सांगून टाकलं, त्यायच्या मोठ्या गुरूचा कागद आला, आता पानी चालते.

"चालते?" तानाबाई म्हणाली. "परसादबी भेटते?"

"भेटतो," जर्मेना म्हणाली, आणि तिला राहवलं नाही. "एका कागदापायी माझं वर्ष गेलं, तानाबाई. हाच कागद गेल्या उन्हाळ्यात आला असता तर मी ऑगस्टमध्येच… जाऊ दे. मला इतका राग येतो ना!"

तानाबाईने सुंदराला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत बोटं घातली.

"एक साल गेलं म्हून एवढा राग?" ती म्हणाली. "कागद त् आमचाबी आलता, बाई. दिल्लीहून, इटाळ बंद म्हून. तीन सालं झाले. तुमी तुमचा कागद आला तसाच मानला. हे गाव अजून वाचूनच राह्यलं."

 जर्मेनाने तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि प्यायली, या वेळी थांबत थांबत.